आधी वस्ताद, मग विद्या

तिशी-चाळिशी ओलांडल्यावर मार्शल आर्ट शिकावीशी वाटणारी माणसे जव्हार-मोखाड्यात बरीच आहेत. आश्रमशाळेतले शिक्षक, उपकेंद्रातल्या नर्सताई, मुक्कामी गाडी घेऊन रात्री उशिरा गावात पोहोचणारे एसटीचे वाहक, भरतीचे वय उलटून गेले तरी धावणे न सोडलेले तरुण, मुलीला कराटेच्या वर्गाला सोडून बाहेर थांबणाऱ्या आया. इच्छा सगळ्यांना असते, पण पाऊल दोन प्रश्नांपाशी अडते. या वयात जमेल का? आणि कराटे, ज्युदो, कुस्ती, लाठी, बॉक्सिंग यांतले नेमके काय शिकावे?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे. जमेल. लहान मुलासारखे अंग वळणार नाही आणि दुखलेले लवकर भरून येणार नाही, पण सांगितलेले समजून घेण्याची आणि धीर धरण्याची ताकद प्रौढ माणसात जास्त असते. दुसऱ्या प्रश्नाकडे मात्र बहुतेक जण चुकीच्या बाजूने जातात. सिनेमात किंवा मोबाइलवर पाहिलेला एखादा प्रकार मनात भरतो, मग त्याचा वर्ग शोधला जातो. तो नाशिकला किंवा ठाण्याला सापडतो आणि दोन महिन्यांत जाणे बंद पडते. माणूस समजतो की आपल्यात दम नव्हता. खरे तर निवडीचा क्रम चुकलेला असतो.

डोंगरी तालुक्यात राहणाऱ्याने चार गोष्टी आधी पाहाव्यात: शिकायचे कशासाठी, वर्षातले कोणते दिवस मोकळे, शरीराची आजची स्थिती काय, आणि पोहोचीत भरवशाचा शिक्षक कोण. विद्येचे नाव त्यानंतर येते. पोहोचीतला चांगला वस्ताद जे शिकवतो, तेच बहुतेक वेळा तुमच्यासाठी योग्य ठरते.

कशासाठी शिकायचे?

तब्येतीसाठी शिकायचे असेल तर जवळपास कोणतीही विद्या चालेल. प्रौढ माणसाने आठवड्यात किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम करावा आणि दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आठवड्यातून तीनदा तासभर मनापासून सराव केला, त्यात जोर-बैठका धरल्या, की दोन्ही साधते. अशा वाचकाने एवढेच विचारावे, की पुढच्या वर्षीही इथे यावेसे वाटेल का.

स्वसंरक्षणासाठी शिकणाऱ्याने अपेक्षा नीट मांडून घ्याव्यात. आठवडाभराच्या शिबिरात धीर येतो. मोठ्याने ओरडणे, अंतर राखणे, धरलेले मनगट सोडवून घेणे एवढे तिथे कळते. ते अंगात मुरायला मात्र कित्येक महिने लागतात, आणि खरोखर विरोध करणाऱ्या जोडीदाराशी झोंबल्याशिवाय मुरतच नाही. म्हणून या हेतूने येणाऱ्याने जोडीचा सराव नियमित होतो तोच वर्ग निवडावा. समोरच्याच्या हातात कोयता असेल किंवा माणसे एकाहून जास्त असतील, तर वाट मिळताच निघून जाणे हाच शहाणपणा असतो. हे पहिल्या महिन्यातच सांगणारा शिक्षक प्रामाणिक समजावा.

कायद्याची बाजूही माहीत हवी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ मध्ये स्वतःचा, दुसऱ्याचा आणि मालमत्तेचा बचाव करण्याचा हक्क दिला आहे. पण बचावासाठी लागेल त्यापेक्षा जास्त इजा करण्याची मुभा त्यात नाही. धोका टळल्यावर मारलेला फटका बचावात धरला जात नाही. संकटात ११२ आणि महिलांसाठी १८१ हे क्रमांक पाठ असू द्या. घरातच मारहाण होत असेल, तर वर्गात नाव घालण्याआधी १८१ ला फोन करा. ती लढाई एकटीने अंगबळावर लढण्याची नाही.

नोकरीसाठी शिकणाऱ्यांनी विशेष सावध राहावे. पोलीस शिपाई भरतीच्या मैदानी चाचणीत ५० गुण असतात. ते पुरुषांना १६०० मीटर व १०० मीटर धावणे आणि गोळाफेक यांवर मिळतात, महिलांना ८०० मीटर व १०० मीटर धावणे आणि गोळाफेक यांवर. कमरेच्या पट्ट्याच्या रंगावर तिथे एकही गुण मिळत नाही. सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, पण त्यासाठी मान्यताप्राप्त स्पर्धेतली कामगिरी लागते आणि क्रीडा विभाग प्रमाणपत्राची पडताळणी करतो. ‘आमचे सर्टिफिकेट नोकरीला चालते’ असे कोणी म्हणाले, तर पैसे भरण्याआधी पालघरच्या जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन खात्री करून घ्या.

पाऊस, आवणी आणि शेवटची एसटी

शहरातला माणूस आठवडा बघून वर्ग ठरवतो. आपल्याला वर्ष बघावे लागते. जून-जुलैत आवणी असते. दिवसभर चिखलात वाकून रोपे लावलेल्या कमरेला संध्याकाळी पुन्हा बैठका घालायला लावणे म्हणजे दुखणे ओढवून घेणे. त्या दिवसांत सराव पूर्ण थांबवू नका, पण तो पंधरा-वीस मिनिटांवर आणा: खांदे, मान, मांड्या मोकळ्या करणे आणि शिकलेल्या हालचाली सावकाश उजळणे. पुढे कापणी आणि झोडणीच्या वेळीही हेच धोरण ठेवा. उन्हाळ्यात पाड्यांवर पाण्याची टंचाई होते आणि हंडे वाहण्याचे श्रम बायांच्या अंगावर येतात. दोन खेपा करून आलेल्या ताईने व्यायाम केलाच आहे, हे शिक्षकाने ओळखले पाहिजे.

नव्याने सुरुवात करायला दोन काळ चांगले. पहिला गणपतीनंतरचा, आवणी उरकलेली आणि पाऊस ओसरू लागलेला असतो तेव्हा. दुसरा भाताची कामे आटोपल्यानंतरचा थंडीचा. शेतीशी संबंध नसलेल्या नोकरदारांना वर्षभर कधीही चालेल, पण पावसाळ्यात छप्पर हवेच. शाळेचा व्हरांडा, समाजमंदिर किंवा ग्रामपंचायतीचे सभागृह मिळते का, हे आधी विचारून ठेवा.

दिवाळीनंतर भिवंडी-वसईकडे वीटभट्टीवर किंवा बांधकामावर जाऊन होळीला परतणाऱ्या कुटुंबांनी एकट्याने उजळता येईल असे काही शिकावे. लाठीचे हात किंवा कराटेचा काता याला जोडीदार लागत नाही, भट्टीवरच्या झोपडीपुढची चार पावले जागा पुरते. कुस्ती आणि ज्युदो मात्र जोडीशिवाय मुरत नाहीत, त्यामुळे चार-पाच महिन्यांचा खंड तिथे फार जाणवतो.

अंतराचे गणित परतीच्या प्रवासासह करा. घरून निघून पुन्हा घरी येईपर्यंत जाण्यायेण्यात दीड तासापेक्षा जास्त वेळ जात असेल, तर तो वर्ग आठवड्यातून दोनदा गाठणे कठीण. जव्हार ते नाशिक सुमारे ८० किलोमीटर आहे, त्यात घाट आणि पावसाळ्यातले धुके. एवढ्या लांबचा उत्तम वर्ग महिन्यातून एकदा गाठावा आणि मधला सराव गावात करावा. दर आठवड्याला तिथे जाण्याचा संकल्प सहसा टिकत नाही. शिकवणी सुटण्याची वेळ आणि शेवटच्या गाडीची वेळ यांच्यात अर्धा तास तरी मोकळा हवा, विशेषतः महिलांसाठी.

शरीराची पाहणी

इथल्या माणसाला एक मोठी जमेची बाजू आहे, ती म्हणजे पाय. चढ-उतार रोजचे, उकिडवे बसणे सवयीचे. तारप्याच्या तालावर रात्रभर फेर धरणाऱ्याला वजन एका पायावरून दुसऱ्यावर न्यायला वेगळे शिकवावे लागत नाही. मोखाड्याच्या बोहाड्यात जड मुखवटा चढवून संबळाच्या ठेक्यावर नाचणारा माणूस मान ताठ ठेवून गुडघ्यात वाकून पावले टाकत असतो. युद्धकलेतला पवित्रा नेमके हेच मागतो. शहरातल्या नवशिक्याचे पहिले सहा महिने जे कमवण्यात जातात, त्यातले बरेच तुमच्याकडे आधीच आहे.

दुसरी बाजू रक्ताची आहे आणि ती गंभीरपणे घ्यायला हवी. पहिला वर्ग सुरू करण्याआधी जव्हारच्या पतंगशाह कुटीर रुग्णालयात, मोखाड्याच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात तीन गोष्टी तपासून घ्या: हिमोग्लोबिन, रक्तदाब आणि सिकलसेल. गरोदर नसलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन १२ पेक्षा कमी आणि पुरुषाचे १३ पेक्षा कमी असेल, तर तो रक्तक्षय समजला जातो. अशा वेळी धाप, चक्कर आणि थकवा हा आळस नसतो. आधी उपचार सुरू करा आणि डॉक्टरांना विचारून हलका सराव धरा.

आदिवासी भागात सिकलसेलचे प्रमाण इतरांपेक्षा जास्त आढळते. म्हणूनच १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेचा भर अशाच भागांवर आहे. आजाराचा वाहक असलेला माणूस एरवी ठणठणीत असतो आणि तो व्यायाम करू शकतो. मात्र उन्हात, कमी पाण्यावर, दम निघेपर्यंत केलेले श्रम त्याला धोक्याचे ठरू शकतात. वाहकांनी व्यायाम हळूहळू वाढवावा आणि मध्ये मध्ये पाणी प्यावे. मांड्या-पोटऱ्यांत असह्य वेदना किंवा अशक्तपणा आला तर लगेच थांबावे. प्रत्यक्ष आजार असलेल्यांनी डॉक्टरांच्या परवानगीशिवाय सुरुवात करू नये. तपासणीनंतर मिळालेले तुमचे सिकलसेलचे कार्ड वाहकाचे आहे की आजाराचे, हे शिक्षकाला सांगून ठेवा. त्यात लाजण्यासारखे काही नाही.

आहारासाठी डबाबंद पावडरीची गरज नाही. नागलीची भाकरी (१०० ग्रॅम नागलीत ३४० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते), उडीद, कुळीथ, चवळी, अंडी, सुकट, शेवग्याचा पाला हे घरचे अन्न पुरेसे घ्या. उपाशीपोटी वर्गाला जाऊ नका. दीड-दोन तास आधी थोडे खाऊन निघा.

कोणती विद्या कोणाला?

लाठी-काठीपासून सुरुवात करतो, कारण आपल्या दोन तालुक्यांत ती सगळ्यांत सहज रुजू शकते. महाराष्ट्राच्या मर्दानी खेळांत लाठी, फरीगदका, दांडपट्टा, विटा हे प्रकार येतात आणि कोल्हापूर हे त्यांचे मोठे केंद्र आहे. लाठीत पडण्याचा धोका कमी, जागा उघडी चालते, वयाची अडचण फारशी नाही आणि खर्च जवळपास शून्य. मनगट, खांदे, कंबर आणि पाय एका लयीत आणण्याचे काम ती उत्तम करते. तिची मर्यादाही ओळखा. नुसती फिरवण्याची प्रात्यक्षिके शिकलात तर डोळ्यांना सुखावणारा व्यायाम होईल, झुंजीची समज येणार नाही. शिक्षकाला विचारा की जोडीने वार-बचाव शिकवता का, आणि फरीगदका खेळवता का. फरीगदक्यात चामड्याने मढवलेली काठी आणि छोटी ढाल असते. अंतर आणि वेळ साधण्याची नजर त्यात घडते. चाळिशी-पन्नाशीच्या स्त्री-पुरुषांना माझी पहिली शिफारस लाठीची.

काठी गावातच तयार होते. भरीव, पक्का, निदान तीन वर्षांचा मानवेल पावसाळ्यानंतर थंडीत तोडा, सावलीत महिना-दोन महिने वाळू द्या, गाठी तासून गुळगुळीत करा आणि तेल चोळा. ओला किंवा कोवळा बांबू वाळताना तडकतो आणि त्याला भुंगा लवकर लागतो. उंची साधारण कानाच्या आसपास ठेवा, नेमके माप वस्ताद सांगतील. तडा गेलेली काठी जोडीच्या सरावात कधीही वापरू नका, तिची चीप डोळ्यात जाऊ शकते.

कुस्ती ही अंगबळाची आणि धीराची सर्वांत कसोटीची विद्या. जव्हारच्या दसऱ्याला कुस्त्यांची परंपरा आहे, त्यामुळे ती इथल्या माणसाला परकी नाही. प्रत्येक डावात समोरचा खरोखर विरोध करतो, म्हणून कुस्तीत शिकलेले प्रसंगी उपयोगी पडते. प्रौढ नवशिक्याला मात्र मान, गुडघे आणि खांदे यांची काळजी घ्यावी लागते. विशीतल्या पैलवानाशी जोड लावून घेऊ नका. आपल्या वजनाचा आणि वयाचा जोडीदार मागा आणि पहिले दोन महिने फक्त खडाखडी, पकडी आणि पट काढणे एवढ्यावर थांबा. मातीच्या आखाड्याला छप्पर नसेल तर पावसाळ्यात तो बंद राहतो. माती आणि गादी यांतला फरकही लक्षात घ्या. खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये गादीची सवय नसताना सहावे आले होते. १९५२ ला हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक जिंकले. स्पर्धेचा विचार असेल तर गादी आहे का, हे पाहायला हवे. व्यायामासाठी मातीच पुरे. कातडीवर गजकर्ण असलेल्याला बरे होईपर्यंत आखाड्यात उतरू न देणारा वस्ताद चांगला.

ज्युदोची मांडणी जिगोरो कानो यांनी १८८२ साली टोकियोत केली. या विद्येची पहिली शिकवण पडण्याची असते: हनुवटी छातीला, हात जमिनीवर आपटून धक्का पसरवायचा, डोके कधीही जमिनीला लागू द्यायचे नाही. शेवाळलेल्या पायवाटेवर आणि निसरड्या बांधावर पावसाळाभर चालणाऱ्यांना हे आयुष्यभर कामी येते. अडचण गाद्यांची. गाद्यांशिवाय फेका शिकवणाऱ्या वर्गात जाऊ नका, शिक्षक कितीही नावाजलेला असो. पन्नाशीनंतर किंवा हाडे ठिसूळ असतील तर फेका टाळून पडणे आणि पकडी एवढेच शिकावे.

कराटेचा शिक्षक तालुक्याच्या गावी मिळण्याची शक्यता सर्वांत जास्त, कारण शाळांमधून कराटेच अधिक शिकवले जाते. ओकिनावा बेटावरची ही विद्या गिचिन फुनाकोशी यांनी १९२२ मध्ये टोकियोत दाखवली आणि पुढे ती जगभर गेली. शोतोकान, गोजुर्यू, शितोर्यू ही तिची घराणी. नवशिक्याने घराण्यांच्या फरकात अडकू नये. वर्गात किहोन म्हणजे मूळ हात-पाय, काता म्हणजे ठरलेल्या हालचालींची मालिका आणि कुमिते म्हणजे जोडीची झुंज, या तिन्हींना वेळ दिला जातो का ते पाहावे. वर्षभर फक्त काता घोकवून दर तीन महिन्यांनी पट्ट्याच्या परीक्षेची फी घेतली जात असेल, तर तिथे शिकणे होत नाही, खर्च होतो.

तायक्वांदोमध्ये पायाच्या उंच लाथांना महत्त्व. सिडनी २००० पासून तो ऑलिंपिकचा पदकाचा खेळ आहे आणि मुलांसाठी छान आहे. पस्तिशीनंतर सुरुवात करणाऱ्याने जांघेचे आणि मांडीमागचे स्नायू मोकळे व्हायला निदान सहा महिने द्यावेत आणि तोवर लाथ कमरेच्या वर नेऊ नये.

बॉक्सिंग शिकायला सोपे आणि दमसास वाढवायला फार चांगले. मोजके ठोसे, भरपूर पदन्यास. हातमोजे आणि मनगटपट्ट्या लागतात, बोरी भरून टांगली की सराव सुरू. चाळिशीनंतर डोक्यावर ठोसे घेण्याचा सराव मात्र करू नका. त्यातून मिळणारे कमी आणि गमावण्यासारखे फार आहे. बोरी आणि शिक्षकाच्या हातातले पॅड यांवर भागवा.

वस्ताद कसा पारखावा?

पैसे भरण्याआधी दोन वेळा नुसते बसून वर्ग पाहा. बघू न देणारा वर्ग तिथेच सोडा. पाहताना शिक्षकाच्या कसरतींकडे फार लक्ष देऊ नका. सर्वांत कच्च्या विद्यार्थ्याशी ते कसे बोलतात, तो चुकला की काय करतात, हे बघा. मारणे, अपमान करणे, शिक्षा म्हणून शंभर बैठका घालायला लावणे, हे शिस्तीचे लक्षण नाही.

मग सरळ विचारा: ‘सर, मी या वयात पहिल्यांदाच शिकतोय. माझ्या वयाचे कोणी तुमच्याकडे वर्षभर टिकले आहे का? त्यांच्याशी बोलता येईल का?’ या एका प्रश्नाच्या उत्तरात बरेच कळते. पुढे विचारायचे ते असे. महिन्याची फी किती, परीक्षेची आणि प्रमाणपत्राची वेगळी किती, गणवेश कुठूनही घेतला तर चालतो का, मधले दोन महिने शेतीमुळे येता आले नाही तर फी भरावी लागते का. वर्षाची फी एकरकमी मागत असतील तर नको म्हणा, महिन्याने द्या.

सुरक्षिततेच्या खुणा डोळ्यांनी दिसतात. सुरुवातीला दहा मिनिटे तरी अंग मोकळे केले जाते का? जवळ प्रथमोपचाराची पेटी आहे का? जोडीत ‘थांब’ म्हटल्यावर समोरचा लगेच थांबतो का? डोक्याला मार लागल्यावर त्या दिवशीचा सराव बंद होतो का? तो झालाच पाहिजे. उलटी, गोंधळलेपणा, झोप अनावर होणे किंवा वाढती डोकेदुखी असेल तर घरी न नेता रुग्णालयात न्यायचे.

महिलांनी आणखी काही पाहावे. वर्गात दुसऱ्या महिला आहेत का, पकडीचा सराव करताना जोडीदार निवडण्याची मोकळीक आहे का, हात लावून दाखवण्याआधी शिक्षक विचारतात का, जागा उजेडाची आहे का. मन कचरत असेल तर कारण सापडेपर्यंत थांबू नका, वर्ग बदला. पहिल्या दिवशी बरोबर मैत्रीण किंवा नणंद-जाऊ असली की पुढचे सोपे जाते.

गुप्त विद्या, एका बोटाने माणूस पाडण्याचे दावे, दुसऱ्या वर्गांची निंदा आणि वर्षात काळा पट्टा मिळवून देण्याचे वचन, यांतले काहीही ऐकू आले तर परत फिरा.

गावात वर्गच नसेल तर

अनेक पाड्यांवर हीच स्थिती आहे. अशा वेळी आठ-दहा जणांनी एकत्र येऊन शिक्षकाला आपल्याकडे आणावे. समग्र शिक्षा अभियानात सहावी ते बारावीच्या मुलींसाठी राणी लक्ष्मीबाई आत्मरक्षा प्रशिक्षण योजना आहे, त्यात तीन महिन्यांचे प्रशिक्षण दिले जाते. तुमच्या शाळेत असे प्रशिक्षक येत असतील तर मुख्याध्यापकांना भेटा आणि शाळा सुटल्यावर मोठ्यांसाठी तासभर मागा. प्रशिक्षकांचा प्रवास एकच, त्यामुळे मानधन दहा जणांत वाटले की कोणालाच जड जात नाही.

दुसरा मार्ग पंधरवड्याच्या वर्गाचा. नाशिक, पालघर किंवा ठाण्याकडच्या शिक्षकाला महिन्यातून दोन रविवार बोलवा. दर वेळी त्यांनी थोडेच शिकवावे आणि मधल्या दिवसांत तुमच्यातल्या एकाने सगळ्यांची उजळणी घ्यावी. शिक्षकांच्या परवानगीने त्यांच्या हालचाली मोबाइलवर टिपून ठेवा. शिकलेले आठवायला असे चित्रण उपयोगी पडते. अनोळखी माणसाचे चित्रण बघून नव्याने शिकायला जाऊ नका, कारण तुमचा गुडघा कुठे आत वळतो आहे हे पडद्यावरच्या माणसाला दिसत नाही.

गाद्या नसतील तरी लोळण आणि पडणे शिकता येते. झोडणीनंतर भाताचा पेंढा भरपूर असतो. जपानातल्या जुन्या ज्युदो-शाळांच्या चटयाही भाताच्या पेंढ्याच्याच असत. पेंढा जाड आणि सारखा पसरून वर ताडपत्री घट्ट ताणा, दगड-खुंट नाहीत याची खात्री करा आणि बसल्या स्थितीतून लोळायला शिका. उभ्याने फेकण्यासाठी मात्र ही सोय पुरत नाही.

पहिले तीन महिने

पहिल्या चार आठवड्यांत आठवड्याला दोन वर्ग आणि घरी दोनदा पंधरा मिनिटे, एवढेच. पवित्रा, पावले, श्वास आणि पडणे यांवर भर ठेवा. दुसऱ्या दिवशी अंग दुखेल, ते साहजिक आहे. स्नायू दुखला तर हलका सराव चालतो. सांध्यात टोचल्यासारखे दुखले, सूज आली किंवा वेदनेने झोपमोड झाली तर विश्रांती घ्या आणि डॉक्टरांना दाखवा.

पाचव्या ते आठव्या आठवड्यात जोडीचा सराव सुरू करा, पण अर्ध्या जोराने आणि आधी ठरवलेल्या हालचालींचा. या टप्प्यावर बहुतेकांना वाटते की आपल्याला काहीच येत नाही. पाहण्याची नजर शरीरापेक्षा लवकर तयार होते, म्हणून स्वतःच्या चुका एकदम दिसू लागतात. इथे सोडू नका. नवव्या आठवड्यापासून हलकी, देखरेखीखालची झुंज घ्यायला हरकत नाही. जोर वाढवण्याचा निर्णय शिक्षकाचा, पण नको म्हणण्याचा हक्क तुमचा.

तीन महिने होईपर्यंत गणवेश, हातमोजे, महागडे बूट काहीही विकत घेऊ नका. ट्रॅकपँट आणि सुती सदरा पुरतो. तीन महिन्यांनंतर स्वतःला तीन प्रश्न विचारा. झोप आणि दम सुधारला का? वर्गाच्या दिवशी जावेसे वाटते का? शिक्षकाला शंका विचारताना भीती वाटते का? पहिल्या दोन प्रश्नांना हो आणि तिसऱ्याला नाही असे उत्तर आले, तर ही तुमची विद्या आहे. निदान दोन वर्षे तिला धरून राहा, दुसरे काही बघू नका. उत्तरे उलटी आली, तर वर्ग बदलायला संकोच करू नका. तीन महिन्यांत कमावलेला दम आणि पावले पुढच्या वर्गात तुमच्याबरोबरच येतील.

आपल्या दोन तालुक्यांबद्दल बाहेर बोलले जाते ते बहुतेक कुपोषण आणि स्थलांतर यांविषयी. ती दुखणी खरी आहेत. पण याच डोंगरात चिवट पाय, मोकळी मैदाने आणि रात्रभर न थकता नाचणारी माणसे आहेत, आणि त्यांना चांगला शिक्षक मिळाला तर चाळिशीतला नवशिक्याही पुढे गावातल्या मुलांना शिकवण्याइतका तयार होतो. म्हणून या आठवड्यात तीनच कामे करा. रुग्णालयात जाऊन रक्त तपासा, येत्या वर्षातले मोकळे महिने कागदावर लिहा, आणि पाऊण तासाच्या अंतरातल्या निदान एका वस्तादाचा वर्ग बसून पाहा. ते काय शिकवतात, हे तिथे गेल्यावर कळेलच.